मधातच बंद पडणारं मशीन

भाऊजी, उद्या तुमची तेरवी. घर पाहुण्यांनी भरलंय, म्हणून ताईने मला तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गादी टाकून दिली आहे. दुपारची वेळ आहे, अंगणात मांडववाला बांबू रोवतोय आणि मी तुमच्याच टेबलाशी लिहीत बसले आहे. तुमच्याबद्दल जे बोलायचं ते लोक ओसरीवर बोलताहेत. माणूस चांगला होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्याने दिलेली रोपं जगली. सगळं खरं आहे आणि मला त्यात भर घालायची नाही. मला तुमच्याशी या मशीनबद्दल बोलायचं आहे. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं, आणि काल पवनने मला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला माहीत नव्हती.

अमरावतीच्या माझ्या दुकानात कोणी बिघडलेलं मशीन उचलून आणलं की मी त्याला पहिल्यापासून विचारते. कधी बंद पडलं, तेव्हा काय चालू होतं, कोणी आत हात घातला होता का. या शेवटच्या प्रश्नाला गिऱ्हाईक नेहमी खोटं बोलतं. तुम्हीही बोललात. ते पुढे येईलच, पण आधी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी मला तशीच सवय आहे.

हे मशीन पवनचं. अकोटला कॉलेजात असताना तुमच्या या एकुलत्या एका पोराने सुटे भाग जमवून ते उभं केलं. काही भाग माझ्या दुकानातून गेले, काही अकोल्याच्या रफिकभाईंकडून, जे जुन्या मशीनचे सुटे भाग विकतात. खेळांसाठीचं मशीन जरा दांडगं असतं. चित्रं पळवायची म्हणजे ते जोर लावतं, जोर लावलं की तापतं, आणि तापलं की त्याला वारा लागतो. पवनने त्याला एका बाजूने काच बसवली होती आणि आत निळे दिवे लावले होते. तुम्ही ते पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा विचारलंत की हे मखर कोणत्या देवाचं. पवन हसला नाही. तुम्हा दोघांचं एकमेकांच्या बोलण्याला हसणं त्या वर्षांत बंदच झालं होतं.

वर्षं वाईट होती. तुमची रोपवाटिका संत्र्याच्या कलमांची. विहिरी आटल्या तशा हिवरखेडच्या आजूबाजूचे लोक उभ्या बागा तोडून लाकूड विकायला लागले, नवी बाग लावायला कोणी येईना. तुमची कलमं पिशव्यांतच वाढली, त्यांची मुळं पिशव्या फाडून खालच्या जमिनीत गेली. पवनचं म्हणणं, अकोल्याला खेळायचं दुकान टाकतो, पोरं तासावर येऊन खेळतात. तुमचं म्हणणं, बापाने लोकांना झाडं दिली, पोरगा खेळ देणार का. रोज त्यावरून बोलाचाली. बोलून भागलं नाही की तुम्ही ओसरीवर जाऊन या खोलीचा मेन स्विच पाडायचात. मशीन खटकन बंद. पवन आतून ओरडत यायचा आणि ताई दोघांच्या मध्ये उभी राहायची.

एकदा तो कसल्याशा स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत होता. संघातली पोरं कुठकुठल्या गावांची, सगळी त्याच्या भरवशावर. तेव्हाही तुम्ही स्विच पाडलात. त्या दिवशी तो ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि पुण्याची गाडी धरली. मशीन इथेच राहिलं.

त्यानंतर तो फोन करायचा तो ताईला. तुम्ही फोन हातात घेतलात की आधी तब्येत, मग नोकरी, मग रोपवाटिका, आणि रोपवाटिकेवर आलं की दोन्हीकडचे आवाज चढायचे. ताई फोन काढून घ्यायची. नंतर नंतर तुम्ही फोन घेणंच सोडलंत. मी ताईला म्हणायचे, दोघांना एका खोलीत कोंडून ठेव. ती म्हणायची, कोंडायला दोघं एका घरात तरी पाहिजेत ना.

आणि मग हिवाळ्यात एकदा तुमचा मला फोन आला. थे मशीन चालू कसं करतं, असं तुम्ही विचारलंत. मी विचारलं, कशाला. तुम्ही म्हणालात, धूळ बसून राहिली, म्हटलं चालू करून पायतो. धूळ पुसायला मशीन चालू करावं लागत नाही, हे मी बोलले नाही. फोनवर सांगत सांगत मी तुमच्याकडून ते चालू करून घेतलं, खेळ उघडून घेतला, तुमच्या नावाने नवं खातं काढून दिलं. नाव काय ठेवू विचारलं तर तुम्ही गावाचं नाव सांगितलंत. मोबाइलचं नेट मशीनला कसं जोडायचं हे समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं.

ताईने पवनला फोनवर सहज सांगितलं की तुझे बाबा गावाच्या नावाने खातं काढून तुझं मशीन लावून बसतात. त्याने तिच्या औषधांचं विचारलं. पण पुढच्या संध्याकाळी खेळात तुम्हाला बोलावणं आलं, तुमच्या जोडीला यायचं का म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, रोपांना पाणी देऊन झालं की हात-पाय धुऊन तुम्ही कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचात. मी एकदा आले होते तेव्हा मागे उभी राहून पाहिलं. दोघांच्या जोडीचा खेळ, हातात बंदुका, समोरून दुसरी जोडी येणार. तुमचा माणूस भिंतीला थडकायचा, आकाशाकडे पाहत चालायचा, आणि पुण्याहून पवनचा आवाज यायचा, मांगं पाहा, बाबा, मांगं. तुम्ही म्हणायचात, पायतो ना बाप्पा, मान तं वळू दे. नोकरी नाही, रोपवाटिका नाही, लग्न नाही. नुसतं डावीकडे, उजवीकडे, खाली बस, ऊठ. ताई दारात उभी राहून ऐकायची. मला म्हणाली, "भांडत नाई व वंदे. नुसते इकळून तिकळे पळून राहिले दोघं." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी चष्मा पुसला.

उन्हाळा लागला आणि मशीन मधातच बंद पडायला लागलं.

त्यात चूक मशीनची नव्हती. प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. ते हद्दीपलीकडे तापलं की जळून जाऊ नये म्हणून मशीन आपण होऊन बंद होतं. आपल्याकडे वैशाखात माणसं बंद पडतात, तिथे त्याचं काय. पण ते बंद पडायचं नेमकं खेळ रंगात आला की, आणि बंद पडायचं अगदी तुम्ही स्विच पाडायचात तसं. खटकन. पुन्हा निवून चालू होईपर्यंत तिकडचा डाव संपलेला असायचा.

तुमचा फोन आला तेव्हा मी नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. तुम्ही मध्येच थांबवलंत. तुम्ही जे बोललात ते मी विसरले नाही.

"वंदाबाई, त्याले वाटन मीच बटन बंद करून राहिलो. पयल्यासारखं."

मी म्हटलं, मग त्याला फोन करून सांगा की मशीन तापतंय. एवढी सरळ गोष्ट. तुम्ही म्हणालात, फोनवर आमचं भांडनच होते. मी म्हटलं, मग मी सांगते. तर तुम्ही म्हणालात, "तू बी नोको सांगू. त्याले वाटन बापानंच सांगाले लावलं. तू मशीन नीट कर. मशीन नीट झालं की समजते त्याले."

हे आपलं भांडण. मी म्हणत होते बोला, तुम्ही म्हणत होता दुरुस्त कर. माझ्या दुकानात रोज उलटं होतं, लोक बोलत राहतात आणि दुरुस्तीला हात लावू देत नाहीत. तुम्ही मात्र एका वाक्याच्या कामासाठी मला अमरावतीहून अंजनगाव, अकोट करत हिवरखेडला यायला लावलंत, आणि वर शब्द घेऊन माझं तोंड बांधलंत.

आले तेव्हा हे मशीन ओळखू आलं नाही. तुम्ही त्याला रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट दुहेरी गुंडाळली होती. बाजूला ओलं गोणपाट अंथरलं होतं आणि घरचा एकुलता कूलर थेट मशीनच्या तोंडावर लावला होता. पाणी टपकत होतं, खोलीत वाळ्याचा वास, ताई बाहेर ओसरीवर पदराने वारा घेत बसलेली. ऊन लागलं की सावली करायची आणि ओलावा द्यायचा, हे तुमचं जन्माचं शास्त्र. कलमाला ते लागू पडतं. मशीनला शेडनेट म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी, आणि कूलरची ओली हवा म्हणजे आतल्या तारांना गंज.

आता दुसरं कोणी असतं तर मी त्याला चार शब्द सुनावून नेट फाडून काढली असती. पण आमच्या भातकुलीच्या घरात आईचा नियम होता, जावयाने केलेलं काम मोडायचं नाही. तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याला आलात तेव्हा आमच्या मोरीतला गळका नळ कलम बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून दिला होता. नळ दुसऱ्याच दिवसापासून आधीपेक्षा जास्त गळायला लागला. आईने खाली बादली ठेवली, पण नळवाल्याला हात लावू दिला नाही. जवायानं बांधून देल्ला, म्हणायची. आई गेली तोपर्यंत ती बादली तिथे होती.

म्हणून मी तुम्हाला विचारून, समजावून, चहा पिऊन मग नेट सोडली. काच काढली. पंख्याखाली जो जाळीदार धातूचा ठोकळा असतो, जो प्रोसेसरची उष्णता ओढून घेतो, त्याच्या फटींत कापसाचे तंतू आणि लाल माती मिळून नमद्यासारखा घट्ट थर तयार झाला होता. तो ब्रशने काढला. ठोकळा सोडवला तेव्हा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट वाळून पापुद्रे झालेली होती. ती पुसून मी नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. तुम्ही शेजारी उकिडवे बसून पाहत होतात. एवढीशीच काहून, असं विचारलंत. मी सांगितलं की दोघांच्या मध्ये हवा राहू नये एवढ्यापुरतीच ती असते, जास्त झाली की तीच आड येते. तुम्ही मान हलवलीत. ती मान पटलेल्या माणसाची नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ठोकळा बोर्डावर धरून ठेवणारे त्याचे चारही प्लॅस्टिकचे पाय मी दाबून बसवले, तापमान पाहिलं, उतरलं होतं. तुम्ही दोन डाव खेळलात, मशीन चाललं. मी निघाले.

आठवडाभरात पुन्हा फोन. पुन्हा बंद पडतं. मी एकेक विचारत गेले. नेट परत गुंडाळली का. नाई. कूलर समोर लावला का. नाई. पंखा फिरतो का. भन्नाट फिरते. ठोकळ्याचे चारही पाय बसलेले आहेत का. तुम्ही म्हणालात, पक्के आहेत. कोणी उघडलं होतं का. कोन उघडते बाप्पा, मले काय समजते त्यातलं.

मला काही उलगडेना. तुम्ही सांगत होतात की सुरुवातीला मशीन चांगलं थंड असतं, थोडा वेळ छान चालतं, आणि मग तापमान एकदम उसळी मारतं. धूळ असती तर पहिल्यापासून हळूहळू तापलं असतं. पेस्ट नसती तर चालू झाल्या झाल्या बंद पडलं असतं. हे दोन्हीतलं काही नव्हतं. मी वीजपुरवठा तपासायला सांगितला, खेळातली चित्रं हलकी करायला सांगितली, दुसऱ्या खोलीत ठेवून पाहायला सांगितलं. तुम्ही सगळं केलंत. वैशाख सरला, ज्येष्ठ सरला, आणि मशीन तसंच मधातच बंद पडत राहिलं.

त्या दिवसांत तुम्ही मला जेवढे फोन केलेत तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून केले नसतील. एकदा म्हणालात, मी मधातच गेलो की थो दुसऱ्या कोणासंगं खेळत असन. मी पुन्हा म्हटलं, विचारा की त्याला. तुम्ही विषय बदललात, अमरावतीला पाऊस कसा आहे म्हणून. मला तुमचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. आता त्या रागाची मला लाज वाटत नाही. आजही तेवढाच आहे.

आखाडात मी न सांगता आले. तुम्ही रोपवाटिकेत होतात, ताईने दार उघडलं. मी थेट काच काढली आणि आत पाहिलं. ठोकळ्याचा वरचा एक पाय तुटलेला होता, आणि त्या जागी तुम्ही तो कलमाच्या पट्टीने ओढून शेजारच्या पत्र्याला बांधला होता. गाठ अगदी तुमची, कलमावर मारता तशी, देखणी. सोडवलं तर आत पेस्ट अशी की भाकरीवर लोणी लावावं. म्हणजे मी गेल्यावर तुम्ही ते उघडलंत, मी कंजुषी केली असं वाटून मी ठेवून गेलेल्या नळीतली पेस्ट भरपूर लावलीत, परत बसवताना पाय मोडला, आणि बांधून टाकलात. आता कोडं सुटलं. मशीन थंड असेपर्यंत पट्टी ताणलेली, ठोकळा प्रोसेसरला चिकटलेला. मशीन तापलं की प्लॅस्टिकची पट्टी सैल व्हायची, ठोकळा वरून सुटून पुढे झुकायचा, मध्ये हवा शिरायची. निवलं की पट्टी पुन्हा आवळायची, आणि तुम्ही हात लावून पाहायचात तर पक्कं. तुमच्या दृष्टीने तुम्ही खोटं बोलतच नव्हता.

तुम्ही बांधावरून आलात, मला पाहिलंत, उघडलेलं मशीन पाहिलंत. जावई माणूस, मेव्हणीसमोर मोडलेला पाय. मी म्हटलं, भाऊजी, कोण उघडतं म्हणाला होतात. तुम्ही पायातल्या चपला पुन्हा पुन्हा झटकल्यात आणि म्हणालात, तुह्या ताईचं नाव सांगनार होतो, पन तिले बी तेवढं बांधता येत नाई. मी हसले. ताई हसली. तुम्ही हसलात ते सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला जाऊन रफिकभाईंच्या दुकानातल्या भंगारात हात घातला. ते म्हणाले, "बाई, पाय मिलणार नाही, पर लोहे की पट्टी आहे, चार स्क्रूवाली. ये कस दो तो फिर हाथी भी नहीं हिला सकता." पट्टी मशीनच्या पाठीमागून लावून मी ठोकळा चार स्क्रूंनी आवळला. पेस्ट पुन्हा तांदळाच्या दाण्याएवढी. या वेळी ती मी तुम्हालाच लावायला दिली. जरा जास्तच पडली, पण मी ती तशीच राहू दिली. त्या संध्याकाळी तुम्ही खेळायला बसलात आणि मी ओसरीवर ताईबरोबर कान देऊन बसले. मशीन बंद पडलं नाही. डाव तुम्ही हरलात, पण पूर्ण हरलात.

त्यानंतर मला तुमचे फोन कमी झाले. पोळ्याला आला एक, आणि दिवाळीनंतर एक. त्या शेवटच्या फोनमध्ये तुम्ही म्हणालात, संक्रांतीले येतो म्हनला थो. मी विचारलं, खेळताना म्हणाला? तुम्ही म्हणालात, हो, गोळ्या भरता भरता. आणि वर मला ऐकवलंत, पाय, मशीन नीट झालं की समजते म्हटलं होतं ना. मी म्हटलं, समजलं की नाही ते त्याला विचाराल तेव्हा कळेल. आपलं बोलणं तिथे थांबलं. तुम्ही त्याला विचारलं नाहीत, आणि मी दिलेला शब्द पाळत गप्प राहिले. संक्रांत यायची आहे अजून. तो आला तो खांदा द्यायला.

काल सकाळी पवन या खोलीत आला. इथे बसला, मशीनला हात लावला नाही. दाढी-डोकं केलेलं, तुमच्यासारखा दिसत होता, तोच मोठा कान. मी पाटावर बसून ताईच्या औषधांच्या गोळ्या वेगळ्या करत होते. तो म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात बाबा मधातच बटन बंद करत होते. काहून करत असतीन?"

तुम्ही गेलात, शब्द संपला. मी त्याला सगळं सांगितलं. तापणारं मशीन, शेडनेट, कूलर, तुटलेला पाय, कलमाची पट्टी, माझ्या फेऱ्या, तुमचे फोन. तो ऐकत होता. पट्टीचं सांगितलं तेव्हा त्याने उठून काचेतून आत पाहिलं, जिथे आता रफिकभाईंची लोखंडी पट्टी आहे. मग परत बसला. त्याला वाटत होतं की तुम्ही रागावून उठत होता. आपण चुकीचं काही बोललो की काय, याचा तो दर वेळी विचार करायचा. आखाडानंतर तुम्ही मध्ये उठणं बंद केलंत, तेव्हा त्याला वाटलं की तुमचा राग गेला. म्हणून तो संक्रांतीला यायचं म्हणाला.

म्हणजे तुम्ही जिंकलात, भाऊजी. मशीन नीट झालं आणि त्याला समजलं, पण चुकीचं समजलं. तुम्ही एका शब्दाने त्याचा तो सगळा उन्हाळा वाचवू शकला असतात. मी हे भांडण सोडणार नाही, समोरच्याने उत्तर द्यायचं बंद केलं म्हणून सोडणार नाही.

मी त्याला तुमचा प्रश्न विचारला. तुम्ही विचारायला हवा होतात तो. बाबांचं मशीन बंद पडलं की मग तू कोणाबरोबर खेळायचास?

तो म्हणाला की मशीन बंद पडलं तरी खेळातला तुमचा माणूस जात नाही. तो जिथे असतो तिथे तसाच उभा राहतो, हलत नाही, समोरून कोणी आलं तर मारून टाकतं.

"मंग मी कोणासंगं खेळत नव्हतो, मावशी. बाबाच्या समोर जाऊन उभा राहो. मले मारून टाके लोक. पन आधी मले मारावं लागे."

एवढं सांगून तो बाहेर गेला, मांडववाल्याला जागा दाखवायला. मी गोळ्या वेगळ्या करत राहिले, आणि सगळ्या एकाच डबीत भरल्या, त्या ताईने नंतर पुन्हा वेगळ्या केल्या.

भाऊजी, हे मी दुसऱ्या कोणाला सांगायला लिहीत नाही. ओसरीवर बसलेल्यांना यातलं काही समजणार नाही. तुम्ही इथे मशीन निवायची वाट पाहत त्यावर हात ठेवून बसायचात, तो दुसऱ्याबरोबर खेळत असेल म्हणून जीव जाळायचात, तेव्हा तुमचं पोर तिकडे तुमच्यासमोर उभं होतं.